पाठमोरा जावई

कुंताबाईनं डोक्यावरची शिदोरी विहिरीच्या काठावर टेकवली, भाजीच्या वाडीकडं नजर टाकली, अन् तिचा जावई पळाला.

पळाला म्हणजे हळूच बाजूला झाला असं नाही, चांगला पळाला. हातातलं फावडं वांग्याच्या सरीत टाकलं, धुऱ्याच्या बांधावरून उडी मारली अन् पलीकडच्या बोरीआड जाऊन पाठमोरा उभा राहिला. एवढा उंच माणूस, अन् ती बोर ती केवढीशी! इकडून त्याचा खांदा दिसत होता, तिकडून कोपर. कुंताबाईच्या हातात पाण्याचा गडवा होता, तो तिनं त्याच्यासाठीच भरून आणला होता.

"जवाईबापू," तिनं हाक मारली, "पानी तं प्या. ऊन कसं तापून राह्यलं!"

बोरीआडून दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच आपटल्याचा आवाज तेवढा आला. टप्, टप्, टप्. आता बोला! पाणी प्यायला बोलावलं तर माणूस टाळ्या वाजवतो, याला काय म्हणायचं?

शेजारच्या वाडीत रुख्माबाई दोडके तोडत होती. ती कुंताबाईची चुलत जाऊ. पिपरी मेघे गावात कुणाच्या घरी काय शिजलं हे घरच्यांआधी तिला कळायचं, मग हे तर डोळ्यांदेखत घडलेलं.

"काय व कुंता," ती तिथूनच ओरडली, "तुले पाहून जवाई असा पळते, जसा तू इंचूच हायेस! काय केलंस बाप्पा त्याले?"

"तू तुहे दोडके तोड," कुंताबाई म्हणाली. पण बोल लागायचा तिथं लागला होता. तिनं शिदोरी तशीच काठावर राहू दिली, गडवा सरीच्या कडेला ठेवला, वर पळसाचं पान झाकलं अन् घराकडं निघाली. वळणावरून मागं पाहिलं, तर जावई गडवा तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होता.

खरं दुखणं हे, की लग्नाआधी असलं काही नव्हतं.

त्याचं नाव एनोक कापेपा. झांबिया नावाच्या देशातल्या कासेंपा गावचा. त्याच्याकडचे लोक झाडाच्या सालीची नळकांडी करून ती रानात उंच टांगतात अन् त्यात मधमाश्या पाळतात. पेटीतल्या माश्या कशा सांभाळायच्या ते शिकायला तो वर्ध्याला एका संस्थेत आला होता. तिथंच मध गाळायच्या कामाला कुंताबाईची वच्छला जायची. पुढं काय झालं ते सांगायला नको. तिनं घरी सांगितलं तेव्हा महादेवराव जेवणावरून उठले होते, कुंताबाईनं दोन दिवस चुलीत आग घातली नव्हती, अन् नातलगांपैकी अर्ध्यांनी बोलणं टाकलं होतं. पण पोरगी हट्टाला पेटली, अन् पोरगाही असा की शिव्या खाल्ल्या तरी दर इतवारी ओसरीवर येऊन बसायचा. महादेवरावांच्या वाडीत त्यानं दोन मधपेट्या आणून ठेवल्या. त्या साली काकड्या अशा लागल्या, की महादेवरावांचा राग निम्मा तिथंच उतरला.

अन् खायचा कसा तेव्हा! कुंताबाईनं झुणका वाढला की "माय, और एक भाकर" म्हणायचा. मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा अन् पुन्हा ठेच्याकडंच हात न्यायचा. तिला माय म्हणायचा, चुलीपाशी बसून फुंकणीनं जाळ करायचा. कुंताबाईला मुलगा नव्हता. तिच्या मनात आलं, जातीचा नाही, देशाचा नाही, पण पोरगा लाखाचा आहे.

चैतात कचेरीत लग्न लागलं. त्या दिवसापासून जो माणूस बदलला तो बदललाच.

ती ओसरीवर आली की तो अंगणात. ती अंगणात आली की तो रस्त्यावर. माय म्हणणं बंद, तिच्याकडं बघणं बंद. जेवायला बोलावलं की वच्छलेच्या हाती निरोप, आज भूक नाही. दोघांनी वर्ध्यात भाड्यानं खोली घेतली होती. वच्छला तिथं माहेरचा डबा नेई, तो मात्र रिकामा होऊन येई. आणखी एक गंमत बघा. हाच माणूस रोज उजाडता सायकल मारत वाडीत यायचा. निंदण करायचा, पाणी द्यायचा, आळी करायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी कबूल केली नव्हती. राबायला सासूची वाडी चालते अन् सासूसमोर घोटभर पाणी चालत नाही, हे कुठलं गणित?

"पोरगी भेटली, आता सासू कायले पाह्यजे," कुंताबाई महादेवरावांना म्हणाली. "लगन होयेपर्यंत गोड गोड बोलला लेकाचा."

"अवो, वाडीत राबते तं राबते ना," महादेवराव म्हणाले. "माह्याशी तं चांगला बोलते. मले त्याची भाषाबी शिकवून राह्यला."

महादेवरावांना नव्या शब्दाचा भारी नाद. त्यांना भाषा मिळाली होती, पेट्या मिळाल्या होत्या, त्यांचं काय जात होतं?

त्या साली अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. लेकीला अन् जावयाला घरी बोलावायचं, पुरण भरलेले धोंडे करायचे, जावयाला पाटावर बसवून सासूनं आपल्या हातानं वाढायचं, तांब्याच्या ताटात अनारसे अन् वर दिवा ठेवून वाण द्यायचं. हे सगळं तीन वर्षांनी एकदा येतं. अन् हा महिना संपला की एनोक अन् वच्छला कासेंपाला जाणार होते. पुढचा धोंड्याचा महिना येईल तेव्हा पोरगी कुठल्या समुद्रापलीकडं असेल, अन् आपण असू की नसू, कुणाला ठाऊक?

कुंताबाईनं मनाशी एक गाठ मारली अन् वच्छला आली तशी तिच्यापुढं ठेवली.

"तुह्या नवऱ्यानं माह्यासमोर बसून, माह्या हातचा धोंडा खाल्ला पाह्यजे. खाल्ला तं जा खुशीनं. नाई खाल्ला तं मी तुले धाडत नाई."

"माय, हे काय बोलनं झालं?"

"खरं बोलनं झालं. ज्याले माह्यासमोर घोटभर पानी चालत नाई, तो तुले तिकडं कसा ठेवीन? इथं मी पिपरीत हाय, त्याची मान धरीन. तिथं तुह्यासाठी कोन हाय? कोनाच्या दारात जाऊन रडशीन तू?"

वच्छलेचे डोळे भरून आले. आईनं लग्नाला हो म्हणायला किती ओझं उचललं होतं ते तिला माहीत होतं. आईला रडवत ठेवून विमानात बसायची तिची छाती नव्हती. नवरा आईला टाळतो हे तिलाही दिसत होतं. लाजत असेल, नवा जावई आहे, असं म्हणून तिनं ते मनाआड केलं होतं. एकदा विचारलं, तर "ये बात बोलने की नहीं" म्हणून तो गप्प झाला होता.

या वेळी तिनं त्याला गप्प होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती हसत. कुंताबाई वांगी निवडत बसली होती. किडकं एका बाजूला, चांगलं एका बाजूला. वच्छला तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"माय, तुले एक सांगतो. तो तुले मान देऊन राह्यला."

"असा मान असते? पाठ दाखवाचा?"

"तसाच असते त्याइच्यात. सासूच्या समोर उभं राह्याचं नाई, तिच्या तोंडाकडं पाह्याचं नाई, तिच्यासमोर घास उचलाचा नाई. वाटेत सासू दिसली तं वाट सोडून रानात शिराचं. अन् तिचं वावर मात्र कसाचं. जवाई झाल्यावर सासूच्या वावरात राबाचं, अशी रीत हाय त्याच्या घरची. त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं."

कुंताबाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

"मंग बोलला काऊन नाई?"

"सासूची गोष्ट काढनं हेबी तसंच. काल सांगतानी घामानं भिजला बिचारा."

तेवढ्यात महादेवराव आले. त्यांना सकाळीच वाडीत जावयाकडून सगळं कळलं होतं, अन् आता सांगितल्याशिवाय त्यांच्यानं राहवेना. त्यांनी टोपल्यातलं एक वांगं उचललं.

"हे पाय. आपन म्हनतो वांगं, अन् लय असले तं वांगी. शब्दाचं शेपूट बदलते. त्याइच्या भाषेत तोंड बदलते. एक मानूस तं मुंटू. लय मानसं तं बांटू. एक झाड किची, लय झाडं बिची. त्याची जमात काओंदे, तं तो एकटा मुकाओंदे, त्याचे लोक बाकाओंदे, अन् भाषा किकाओंदे. बुड एकच, टोपी बदलत जाते."

"मले काय करायचं त्याच्या टोपीचं?"

"ऐक तं खरी! सोयऱ्याले ते म्हनते मुको. अन् सोयरपनाले म्हनते बुको. तुले काय म्हनते मालूम हाय? बाको."

"बा म्हनजे तं लय मानसं ना? मी एकटी हावो."

"आपन मोठ्या मानसाले तुम्ही म्हनतो का नाई? तसंच. मोठं मानूस एकटं असलं तरी त्याले लय जन धरते ते. मलेबी तो बामहादेव म्हनते. आपला राव मांगून लागते, त्याइचा समोरून."

"अन् बोलून झालं का शेवटी म्वाने म्हनते," वच्छला म्हणाली. "आपल्या जी सारखं. हो म्वाने, या म्वाने."

बाको, बाको, असं कुंताबाईनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. ज्या बाईला सासरच्या माणसांनी उभ्या जन्मात "अवो" अन् "काय व" पलीकडं हाक मारली नाही, तिला कुणीतरी मनातल्या मनात एवढ्या मोठ्या नावानं बोलवत होतं. पण बरं वाटलं म्हणून हट्ट सुटतो असं थोडंच आहे?

"मान हाय तं हाय," ती म्हणाली. "पन धोंडा? तो त्याच्या रीतीनं मले मान देते. मी माह्या रीतीनं त्याले नोको देऊ? जवायाले सासूनं वाढलं नाई तं तो धोंड्याचा महिना कायचा! रुख्मा गावभर सांगन का कुंताच्या जवायानं ताट टाकलं. अन् मले कसं समजन, का तो तुले मायेनं ठेवीन?"

वच्छलेनं उठून तिच्या गळ्यात हात टाकले. "तू म्हनशीन तं तो जेवीन. त्यानंच सांगतलं. बाकोनं सांगतलं तं जेवीन, म्हने."

"मंग झालं तर," कुंताबाई म्हणाली, अन् पुन्हा वांगी निवडू लागली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

जेवणाच्या दिवशी घर सकाळपासून पुरणाच्या वासानं भरून गेलं. कुंताबाईनं धोंडे वळले, वाफवले, तुपात सोडले. कढी केली, भरली वांगी केली, भजी तळली. ठेचाही केला, वच्छला "सणाचा ठेचा कायले" म्हणत असताना केला. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. रुख्माबाई मदतीच्या नावाखाली आली अन् भिंतीला टेकून बसून राहिली. भजी तळणाऱ्या बाईला मदत करायची की ओसरीवर नजर ठेवायची, दोन कामं एकाच वेळी कशी होणार?

एनोक आला तो पांढरा शर्ट घालून, मान खाली घालून. महादेवरावांनी हाताला धरून त्याला पाटावर बसवलं अन् स्वतः शेजारच्या पाटावर बसले. वच्छला दाराशी उभी राहिली. कुंताबाईनं ताट उचललं. नवं लुगडं नेसली होती, पदर खोचलेला होता. ती ओसरीवर आली अन् जावयासमोर बसून तिनं ताट ठेवलं.

"जेवा जवाईबापू," ती म्हणाली.

एनोक उठला नाही, पळाला नाही. कबूल केलं होतं, ते तो पाळत होता. त्यानं डोळे गच्च मिटले. हात ताटाकडं नेला, धोंडा मोडला. घास बोटांत आला अन् तिथंच थांबला. बोटं थरथरत होती. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले अन् नाकावरून ताटात टपकले. पुरण बोटांतून सुटून परत ताटात पडलं. त्यानं पुन्हा उचललं, पुन्हा हात ओठांपर्यंत आला अन् थांबला.

"गोड लागून नाई राह्यलं का काय," रुख्माबाई भिंतीकडून म्हणाली.

महादेवरावांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती गप्प झाली.

कुंताबाई त्या थरथरत्या हाताकडं बघत राहिली. हा हात आपण कुठं पाहिला? मग तिला आठवलं. हा तिचाच हात होता.

ती या घरात नवी सून म्हणून आली तेव्हाची गोष्ट. सासरे नानाजी, महादेवरावांचे वडील, मोठे मायाळू. पण सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडं टाकायचं नाही, समोर बसायचं नाही, जेवायचं तर नाहीच. नानाजी घरात यायचे ते दारातून खोकत यायचे. त्यांचा खोकला ऐकला की कुंता पदर ओढून चुलीआड व्हायची. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले नसतील. एकदा नागपूरचा कुणी शिकलेला पाहुणा आला अन् म्हणाला, हे काय जुनं खूळ, बसवा सुनेला पंगतीत. तिला सासऱ्यासमोर पानावर बसवलं. तिला वाटलं होतं, धरणी फाटावी. घास हातातच थरथरत राहिला होता. तेव्हा नानाजी उठले, पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले, अन् अंगणात जाऊन मोठ्यानं खोकले. तुझ्यासमोर कोणी नाही पोरी, जेव, असाच त्या खोकल्याचा अर्थ. तिला तो कळला होता, अन् त्या दिवशी ती पोटभर जेवली होती. नानाजी गेले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली होती. कुणाला नवल वाटलं, की जी कधी बोललीसुद्धा नाही, ती एवढी काऊन रडून राह्यली?

म्हणजे जावई बोरीआडून टाळ्या वाजवायचा, तो खोकायचाच की.

कुंताबाई उठली. रुख्माबाईला वाटलं, आता ताट उचलते अन् भांडण लागतं, म्हणून ती सरसावून बसली. कुंताबाई आत गेली. ओसरी अन् चूल यांच्यामध्ये तुरीच्या काड्यांचा, शेणामातीनं लिंपलेला कूड होता. त्या कुडाला पाठ लावून ती आतल्या बाजूला खाली बसली, तोंड चुलीकडं करून. बाहेरच्या बाजूला, त्याच कुडाला लागून जावयाचा पाट होता. तिनं पदर कपाळावर ओढला अन् खोकली. मोठ्यानं, नानाजींसारखी.



"जेवा म्वाने," ती कुडाला म्हणाली.

कुडापलीकडून टप्, टप्, टप्. अन् मग तो आवाज आला, जो ऐकायला ती चैतापासून तळमळत होती. भुकेला माणूस जेवतो तो आवाज. धोंडा मोडल्याचा, कढीचा भुरका मारल्याचा, ठेच्यानं नाक ओढल्याचा. कुंताबाईनं डोळे पुसले. तिला आता दिसत काहीच नव्हतं, अन् सगळं दिसत होतं.

"अजून वाढा त्याइले," ती आतून ओरडली. "वच्छी, धोंडा वाढ! भजी वाढ! लाजू नोका म्हना!"

"अवो, माह्या ताटातबी टाका कोनी," महादेवराव म्हणाले. "मीबी कोनाचा तरी जवाईच हावो."

त्यावर कुडाच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं. वच्छला हसली, एनोक घास गिळता गिळता हसला, अन् रुख्माबाईला पण तोंडाला पदर लावावा लागला.

"काय व हे जेवन," ती जाताना म्हणाली, "सासू एकीकडं, जवाई एकीकडं."

"तुहा जवाई समोर बसून जेवते ना," कुंताबाई म्हणाली, "मंग तुह्या लुगड्याचं ठिगळ बी त्याले दिसत असन. माह्या जवायाले मी दिसतच नाई, त्याच्यासाठी मी देवावानी हावो."

वाण तिनं वच्छलेच्या हाती दिलं अन् वच्छलेनं नवऱ्याला. रीत मोडली की राहिली, ते धोंड्याच्या महिन्याला विचारा. कुंताबाईच्या मनातली गाठ सुटली होती, एवढं खरं.

त्यानंतरचे दिवस असे गेले की पुसू नका. कुंताबाई वाडीत जायची तेव्हा विहिरीपासूनच खोकत जायची. जावई धुऱ्याआड व्हायचा, टाळी वाजवायचा. ती सरीच्या काठावर भाकर अन् पाणी ठेवायची, पाठ करून बसायची अन् त्याच्याशी बोलायची. वच्छलेला सकाळी भूक लागत नाही, बळंच खाऊ घालत जा. तिला थंडी सोसत नाही. ती रागावली की बोलत नाही, तेव्हा आपणच आधी बोलावं. मागून फक्त "म्वाने" यायचं, कधी हळू, कधी घास तोंडात असताना. महादेवरावांकडून ती एकेक शब्द उचलत होती. पाणी म्हणजे मेमा. मूल म्हणजे म्वाना. घर म्हणजे न्झुबो. कशाला शिकतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, उद्या नातवंड येईन, ते काय वऱ्हाडी बोलत येईन?

जायचा दिवस आला. वर्धा स्टेशनावर मुंबईच्या गाडीला बरीच गर्दी होती. सामान डब्यात चढलं. वच्छला आईच्या गळ्यात पडून अशी रडली की महादेवराव दुसरीकडं बघू लागले. कुंताबाई मात्र रडली नाही. तिच्या बगलेत पितळी डबा होता, त्यात धोंडे. ते तिकडं पोचेपर्यंत टिकणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. मुंबईपर्यंत टिकले तरी पुष्कळ.

एनोक फलाटावरच्या खांबाआड उभा होता. येणारे जाणारे त्याच्याकडं वळून वळून बघत होते. एक तर दूरदेशीचा माणूस, त्यात तोंड खांबाकडं करून उभा. एक जण महादेवरावांना म्हणाला, "यांचं भांडण झालं का हो?"

"नाई जी," महादेवराव म्हणाले, "जवाई हायत आमचे."

कुंताबाईनं पदर पुढं ओढला. ती वळली अन् उलट्या पावलांनी, मागं न बघता, खांबाकडं गेली. लोक बाजूला झाले. ती खोकली. खांबाआडून तोही पाठमोरा, एकेक पाऊल मागं टाकत बाहेर आला. दोघांच्या पाठी जवळ आल्या. त्याच्या अंगाला अजून मधपेटीच्या धुराचा वास येत होता. कुंताबाईनं डबा पाठीमागं नेला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं केले. डबा हातातून हातात गेला, अन् डबा घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर थांबली. रीतीत ते बसत होतं की नाही, कुणास ठाऊक. तिनं हात मागं घेतला नाही.

"माय," तो हळूच म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा. मग म्हणाला, "शालाइपो म्वाने."

म्हणजे नीट राहा. त्याचं उत्तर महादेवरावांनी तिच्याकडून कितीदा तरी घोकून घेतलं होतं.

"याइ बुलोंगो म्वाने," कुंताबाई फलाटावरच्या गर्दीकडं तोंड करून म्हणाली. नीट जा. अन् तिच्याच भाषेत पुढं म्हणाली, "माह्या पोरीले सांभाळजो बापू."

शिट्टी झाली. तो डब्यात चढला, दारात आतल्या बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून वच्छला हात हलवत होती, ओरडत होती, काय ते गाडीच्या आवाजात कळेना. गाडी हलली. कुंताबाई गाडीकडं पाठ करून उभी होती. पोरगी डोळ्यांसमोरून जाताना बघायचं सोडून ती पाठ करून उभी राहिली. तिला जावयाला शेवटचा मान द्यायचा होता, अन् तो याहून वेगळा कसा देणार?

चाकांच्या खडखडाटातून आवाज आला. डबा काखेत धरून वाजवलेल्या टाळीचा. टप्, टप्, टप्.

कुंताबाई खोकली. आवाज दूर जात राहिला, म्हणून तिला आणखी मोठ्यानं खोकायचं होतं. पण दुसऱ्या वेळी खोकला आलाच नाही, रडू आलं.